गनर्स, हॅमर्स आणि नितीन कंपनी : फुटबॉल क्लबांची टोपणनावं नि गावांची नावं

घंटाळीकर (धागाकर्ता)

संघाला नाव काय द्यायचं यावरून आमच्या टर्फच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर रण पेटलंय. ठाणे टायगर्स, ठाणे टायटन्स, ठाणे थंडर. आद्याक्षरं जुळली की नाव झालं, असा एकंदर समज दिसतो. येऊरला बिबटे आहेत, वाघ नाहीत, हेही सांगून पाहिलं. कोणी दाद देत नाही. म्हणून म्हटलं इथे धागा काढावा, इथली मंडळी भांडली तरी मुद्द्यावर भांडतात.

माझं म्हणणं असं की चांगलं टोपणनाव कोणी बसून ठेवत नाही, ते पडतं. आणि बऱ्याचदा पोटापाण्याच्या धंद्यावरून पडतं. आर्सेनलवाले गनर्स का? कारण १८८६ साली वुलिचच्या रॉयल आर्सेनल या सरकारी शस्त्रकारखान्यातल्या कामगारांनी तो क्लब काढला. तोफा आणि दारूगोळा हाच त्यांचा रोजचा धंदा. क्लबचं पहिलं नाव तर डायल स्क्वेअर, म्हणजे त्या कारखान्यातल्या एका वर्कशॉपचं. वेस्ट हॅमवाल्यांचं हॅमर्स हे नाव 'हॅम'वरून आलं असं पुष्कळांना वाटतं. त्यांच्या बिल्ल्यावरचे दोन हातोडे एकदा नीट बघा, रिव्हेट ठोकायचे हातोडे आहेत ते. १८९५ साली टेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कंपनीच्या कामगारांचा तो संघ होता, १९०० साली वेस्ट हॅम युनायटेड झाला. प्रेक्षक अजून 'आयर्न्स' म्हणून ओरडतात. कंपनी १९१२ सालीच बंद पडली, हातोडे छातीवर राहिले.

लहान क्लबांत तर हे जागोजाग. ल्यूटन हॅटवाल्यांचं गाव, म्हणून हॅटर्स. नॉर्थॅम्प्टनला बूट शिवायचे, म्हणून कॉबलर्स. वॉल्सॉलला खोगिरं, सॅडलर्स. स्टोकला चिनी मातीची भांडी, पॉटर्स. खालच्या डिव्हिजनचा पॉइंट टेबल वाचला तरी तिकडचे बारा बलुतेदार भेटतात.

आपणही रोज हेच करतो की. ठाण्यातले नाके बघा : कॅडबरी, नितीन कंपनी, कॅसल मिल, गोल्डन डाईज, मॉडेला. रिक्षावाल्याला 'नितीन कंपनी' म्हटलं की तो मीटर टाकतो. नितीन कोण, ती कंपनी काय बनवायची, याच्याशी ना त्याला देणंघेणं ना मागे बसलेल्याला. ठाण्यातल्या संघांना नावं हवी असतील तर ती नाक्यानाक्यावर पडलेली आहेत. उचलायची खोटी.

बोला मंडळी. क्लबांच्या नावांच्या गोष्टी टाका, आपल्या भागातल्या नावांच्या टाका, आणि टायगर्सच्या बाजूने कोणी असेल तर त्यानेही या.

सानपाडा_एक्सप्रेस

+१

आमच्याकडे टर्फवर जो तो युनायटेड. कोण कोणाशी युनायटेड झालंय विचारू नका. निम्मे पाम बीचवरून गाडीने येतात आणि मॅच संपली की एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

तुम्ही खुशाल डाईज नाका एफसी काढा. जर्सी कुठल्याही रंगाची चालेल.

नेरूळ_पूर्व

नावावरून आठवलं. मुंबई सिटी या क्लबचं टोपणनाव आयलँडर्स. सात बेटांची मुंबई, कबूल. पण २०१४ साली आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली तेव्हा ह्यांचं घरचं मैदान कुठलं होतं? आमचं डी. वाय. पाटील स्टेडियम. म्हणजे सातही बेटं मागे टाकायची, खाडी ओलांडायची, मुख्य भूमीवर नेरूळला यायचं आणि 'आयलँडर्स' म्हणून घसा फोडायचा. पहिले दोन सीझन हेच. २०१६ ला ते अंधेरीला गेले. आता अंधेरी तरी सात बेटांत कुठे बसते, ती साष्टीत! पण ते जाऊ दे.

मला खटकतं ते वेगळंच. डी. वाय. पाटीलवर काय काय झालं बघा. पहिल्या आयएसएलची फायनल, कॉर्नरवरून महंमद रफीकचं शेवटच्या घटकेचं हेडर आणि कोलकाता १-० ने चॅम्पियन. २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपची स्पेन-माली सेमीफायनल. २०२२ ला महिलांच्या आशियाई कपची फायनल, चीनने दोन गोलांची पिछाडी भरून काढून कोरियाला ३-२ ने हरवलं ती. त्याच वर्षी मुलींच्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपचीही फायनल. जगातले संघ येऊन खेळून गेले आणि नवी मुंबईच्या नावाने ओरडावं असा एक मोठा क्लब नाही. टोपणनाव तर लांबची गोष्ट.

शंकासूर

घंटाळीकर, 'नाव पडतं, ठेवत नाहीत' हे ऐकायला झकास आहे, पण तुमच्याच इंग्लंडात ते टिकत नाही.

सुंदरलँड. रोकर पार्कवर होते तोवर रोकरमेन. १९९७ ला मैदान सोडलं, नाव निराधार झालं. मग २००० साली चक्क मतदान घेऊन ब्लॅक कॅट्स ठरवलं. आज ते नाव ऐकून कोणाला ते मतदानातून आलं असं वाटतं?

क्रिस्टल पॅलेस. लंडनमध्ये १८५१ च्या प्रदर्शनासाठी काचेचा महाल बांधला, तो १८५४ ला सिडनमला हलवला, त्या भागाला त्याचं नाव पडलं, भागावरून क्लबला. महाल १९३६ ला जळून खाक. इथपर्यंत तुमचा मुद्दा बरोबर. काचेवरून त्यांना ग्लेझियर्स म्हणायचे, म्हणजे तावदानं बसवणारे. तुमच्या व्याख्येत अगदी चपखल बसणारं, आपसूक पडलेलं नाव. ते १९७३ साली मॅनेजर माल्कम अ‍ॅलिसनने फेकून दिलं आणि पोर्तुगालच्या बेनफिकाकडे बघून ईगल्स आणलं. लोकांनी डोक्यावर घेतलं. पुढे पॅलेसवाले 'ईगल्स' ओरडायला लागले म्हणून ब्रायटनवाल्यांनी उत्तरादाखल 'सीगल्स' सुरू केलं. पूर्वी ते डॉल्फिन्स होते. म्हणजे एक नाव वरून लादलं, दुसरं त्याला खिजवायला निघालं, आणि आज दोन्ही क्लब त्याच पक्ष्यांवर जर्सी विकतायत.

तेव्हा टायगर्सला इतकं तुच्छ लेखू नका. पन्नास वर्षं ओरडलं की काहीही खरं होतं.

घंटाळीकर

शंकासूर, तुम्ही शिमग्याआधीच आलात.

पॅलेसचं मान्य. पण एक फरक बघा. ईगल्स टिकलं कारण समोरच्याने त्याला उत्तर दिलं. समोरच्याने दखल घेईपर्यंत टोपणनाव म्हणजे नुसतं लेटरहेड. हल आणि कार्डिफचं काय झालं? हल सिटीला टायगर्स हे नाव शंभर वर्षांपूर्वीपासूनचं, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांवरून. ते सगळ्यांचं लाडकं. पण मालकाला वाटलं 'सिटी' काढून 'हल टायगर्स' असंच नाव ठेवावं. लोक उठले आणि २०१४ साली इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ते नाकारलं. टोपणनावाला पाटीवर बसवायला गेले आणि ज्यांचं ते होतं तेच बिथरले. कार्डिफवाले ब्लूबर्ड्स, मालकाने २०१२ ला जर्सी लाल केली. निळे पक्षी लाल कपड्यात! २०१५ च्या सुरुवातीला मुकाट्याने निळ्यावर परत.

रंकाळ्यावरनं_घणसोली

अरे काय लावलंय इंग्लंड इंग्लंड. कोल्हापूर किती लांब आहे?

आमच्यात फुटबॉलच्या संघांना तालीम म्हणतात. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, वाघाची तालीम. सकाळी लाल मातीत जोर-बैठका आणि संध्याकाळी बुटाच्या लेस आवळून मैदानात, असली परंपरा. कुस्तीच्या आखाड्याचं नाव फुटबॉल संघाला जगात आणखी कुठं आहे दाखवा. पाटाकडील म्हणजे पाटाच्या कडंची. कुठला तरी पाण्याचा पाट, त्याच्या कडंला तालीम, त्या तालमीचा संघ. आता सगळे पीटीएम म्हणतात, बॅनरवर पण तीन अक्षरंच.

शाहू स्टेडियमला पाटाकडील-दिलबहार असेल तर दुपारी तीनपासून पोरं येऊन बसतात. पेठा वाटून घेतलेल्या. हलगी आणि तुतारी आत नेतात. एक आजोबा असायचे, जुनी माणसं सगळी असतात तसेच, ते खेळाडूचं नाव कधी घ्यायचे नाहीत, 'अरे फुलेवाडी, सोड की बॉल' असं ओरडायचे. म्हणजे माणूस कुठला आहे ते त्याचं नाव. २०१७ च्या वर्ल्ड कपच्या संघात आमचा अनिकेत जाधव होता तेव्हा घरोघरी टीव्हीसमोर काय गर्दी होती!

आणि प्रॅक्टिस क्लब विसरू नका. नाव प्रॅक्टिस, खेळतात मॅच. :)

सानपाडा_एक्सप्रेस

'अरे फुलेवाडी, सोड की बॉल' हे आजपासून आमच्या टर्फवर वापरणार. 'अरे सेक्टर सतरा, पास दे की' कसं वाटतं?

रंकाळ्यावरनं_घणसोली

सेक्टर सतरा म्हटल्यावर कोण पास देणार भावा. तेवढ्यासाठी पेठ लागते.

मासुंदा

मी फुटबॉल बघत नाही, घरात नातू बघतो आणि मी आवाज ऐकते. पण नावांचा धागा म्हणून आले. नोकरीतली सगळी वर्षं ठाण्यात इतिहास शिकवण्यात गेली, त्यामुळे थोडं लिहिते.

ठाणे हे 'स्थान'वरून. शिलाहारांच्या ताम्रपटांत श्रीस्थानक म्हणून येतं, म्हणजे हजार वर्षांपूर्वीची नोंद. त्या अर्थाने ठाण्याचं नाव मुळात 'जागा' इतकंच आहे, आणि 'ठाण मांडून बसणे' ज्याच्यावरून आलं त्याच कुळीतलं. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून इथे आली, तेव्हा इंग्रज टाना लिहीत आणि तसंच म्हणत. तलावपाळी म्हणजे तलावाची पाळ, बांध. मासुंदा हे तलावाचं खरं नाव, पण 'मासुंद्यावर भेटू' असं हल्ली कोणी म्हणत नाही; तलावपाळीने मूळ नाव खाल्लं. पाचपाखाडीत पाच पाखाड्या, म्हणजे वस्त्या. घोडबंदर घोड्यांच्या व्यापाराचं बंदर. आता तिथे ट्रॅफिकमध्ये घोड्यावरून गेलं तर लवकर पोचू.

घंटाळीकर, कंपन्यांवरून पडलेली नावं तुम्ही सांगितलीत ती अलीकडची. त्यांच्या खालचा थर पाडे, आळ्या आणि कोळीवाड्यांचा आहे : चेंदणी, महागिरी, खारकर आळी, राबोडी, उथळसर, माजिवडे. टोपणनावं शोधायची तर तिथेही उतरा.

नातू 'टॉटनहॅम हॉटस्पर' असं काहीतरी ओरडत असतो. त्यातलं टॉटनहॅम गाव असावं. हॉटस्पर काय आहे?

घंटाळीकर

मासुंदाताई, तुमच्यासारख्यांसाठीच धागा काढला होता!

टॉटनहॅम गावच, उत्तर लंडनमधलं. हॉटस्पर म्हणजे सर हेन्री पर्सी, १४०३ साली श्रूसबरीच्या लढाईत पडलेला सरदार. घोड्याला टाच मारून सुसाट सुटायचा म्हणून त्याला 'तापलेली टाच' अशा अर्थाचं हे नाव पडलं होतं. त्याच्या घराण्याच्या जमिनी टॉटनहॅम भागात होत्या. १८८२ साली तिथल्या शाळकरी पोरांनी क्लब काढला तो नुसता हॉटस्पर एफसी. टॉटनहॅम नंतर पुढे लावलं, कारण त्या नावाचा आणखी एक क्लब लंडनमध्ये होता आणि टपाल त्यांच्याकडे जायचं. बिल्ल्यावर कोंबडा आहे, त्याच्या पायाला झुंजीचे काटे. स्पर म्हणजे घोडेस्वाराच्या टाचेला लावायचा काटाही आणि कोंबड्याच्या पायाचा काटाही.

म्हणजे बघा, क्लबच्या नावात एका माणसाचं टोपणनाव, आणि त्याचं पुन्हा टोपणनाव स्पर्स. नातवाला सांगा. ट्रॉफीचं मात्र विचारू नका त्याला.

खाडीपलीकडे

गोल्डन डाईज नाक्याला तोड देणारं शहर आहे, जर्मनीत. बायर लेव्हरकुसेन क्लब सगळ्यांना माहीत. पण लेव्हरकुसेन हे गाव जुनं नाहीच. कार्ल लेव्हरकुस नावाच्या माणसाने ऱ्हाइनच्या काठी रंगाचा कारखाना टाकला. कसला रंग? अल्ट्रामरीन, म्हणजे आपली पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ. पुढे १८९१ साली बायरने तो कारखाना घेतला, आजूबाजूची गावं एक झाली आणि १९३० साली शहरालाच त्या कारखानदाराचं नाव दिलं. क्लबला आजही 'कारखान्याची टीम' म्हणतात. समोरचे प्रेक्षक ते चिडवायला म्हणायचे, यांनी तेच अभिमानाने लावलं.

अख्खं शहर एका डाईज नाक्यावरून! आणि आपल्याकडे जमशेदपूर. साकची नावाचं गाव, १९१९ साली व्हाइसरॉय चेम्सफर्डने जमशेटजी टाटांवरून जमशेदपूर केलं. स्टेशन कालीमाटी होतं ते टाटानगर झालं. तिथला क्लब स्वतःला मेन ऑफ स्टील म्हणवतो, आणि हे नाव टीमच्या मार्केटिंगवाल्याने ठरवलेलं असणार हे उघड आहे, तरी खोटं वाटत नाही. कारण गावात दुसरं काय म्हणणार?

शंकासूर

वा. म्हणजे खाडीपलीकडे माझ्या बाजूने आले. ठरवलेलं नावही खरं असू शकतं.

आणि 'पडलेली' नावंसुद्धा कशी चुकून पडतात याचा एक नमुना. शेफिल्ड वेन्सडे. बुधवारी अर्धी सुट्टी असणाऱ्या कारागिरांचा क्रिकेट क्लब होता, म्हणून वेन्सडे. टोपणनाव आउल्स, घुबडं. का? तर त्यांचं मैदान आउलर्टन भागात, १८९९ पासून. लोकांनी नावात आउल बघितलं आणि घुबड बसवलं. पण त्या गावाचा घुबडाशी काडीचा संबंध नाही. तिकडच्या बोलीत 'आउलर' म्हणजे नदीकाठचं आल्डर झाड. म्हणजे झाडाचं गाव, बिल्ल्यावर पक्षी. १९१२ साली एका खेळाडूने घुबडाची मूर्ती आणून दिली, ती स्टँडमध्ये बसवली आणि विषय संपला.

उद्या कोणी पाचपाखाडीवरून पाच पाखरांचा बिल्ला केला तर मासुंदाताई रागावतील, पण शंभर वर्षांनी तोच खरा.

मासुंदा

रागावणार नाही, तळटीप लिहीन.

नेरूळ_पूर्व

घुबडावरून पक्ष्यांकडे या. नवी मुंबईचा क्लब निघालाच तर नाव तयार आहे. महापालिका स्वतःच फ्लेमिंगो सिटी म्हणवते. थंडी सरता सरता पाम बीचच्या पाणथळीत येऊन बघा, पाणी गुलाबी दिसतं. २०१५ ला ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्य केलं, २०२२ ला ती खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेली. आणि ब्राझीलचा फ्लेमेंगो क्लब आहेच, त्यांच्याशी नातं जोडता येईल.

घंटाळीकर

नेरूळकर, तिथेच गोची आहे. फ्लेमेंगोचा पक्षी फ्लेमिंगो नाही, गिधाड आहे.

फ्लेमेंगो हा रिओचा समुद्रकाठचा भाग. १८९५ साली तिथे होड्या वल्हवणाऱ्यांचा क्लब निघाला, फुटबॉल नंतर. त्यांच्या पाठीराख्यांत काळे आणि गरीब लोक खूप, म्हणून समोरचे त्यांना 'उरुबू' म्हणून हिणवायचे. उरुबू म्हणजे काळं गिधाड. वर्णावरून दिलेली सरळ शिवीच ती. १९६९ साली बोटाफोगो क्लबविरुद्ध माराकाना स्टेडियमला मॅच होती. फ्लेमेंगोची पोरं एक खरंखुरं गिधाड पिशवीत घालून घेऊन आली आणि पायाला क्लबचा झेंडा बांधून त्याला मैदानात सोडलं. स्टेडियम आधी गप्प, मग जे पेटलं ते! मॅच २-१ ने जिंकले. त्या दिवसापासून शिवी संपली, गिधाड त्यांचं झालं.

माझा मूळ मुद्दा मी आता थोडा पुढे नेतो. धंद्यावरून पडलेली नावं चांगली, पण सगळ्यांत चिवट ती शत्रूने दिलेली. साओ पाउलोच्या पाल्मेइरासला 'डुक्कर' म्हणायचे, १९८६ पासून तेच गर्जतात. अर्जेंटिनात रोसारिओला दोन क्लब. कुष्ठरोग्यांच्या मदतीसाठी सामना ठेवला होता, न्यूवेल्स तयार झाले, सेंट्रलने नकार दिला, अशी गोष्ट सांगतात. तेव्हापासून एक 'महारोगी' आणि दुसरे 'हलकट'. दोघंही आपापलं नाव छाती काढून सांगतात.

अर्जेंटिनातल्याच रिव्हर प्लेटचं मात्र अजून दुखतं. १९६६ च्या लिबेर्तादोरेस कपच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, फायनलला पेन्यारोलविरुद्ध २-० ने पुढे होते, ४-२ ने हरले. पुढच्या एका लीग मॅचला समोरच्या प्रेक्षकांनी रिव्हरच्या जर्सीसारखा लाल पट्टा बांधलेली कोंबडी मैदानात सोडली. तेव्हापासून 'कोंबड्या'. त्यांच्या कट्टर वैरी बोका क्लबचे लोक आजही रिव्हरला बघून पंख फडफडवतात.

सानपाडा_एक्सप्रेस

म्हणजे आमच्या मागच्या रविवारच्या पराभवानंतर आम्हाला काय नाव पडलंय ते इथे लिहिता येणार नाही.

खाडीपलीकडे

धाग्याचं शीर्षक गावांच्या नावांवरही आहे म्हणून एक उलटा प्रकार. क्लबचं नाव गावावरून पडतं हे नेहमीचं. आर्सेनलने गावाला नाव दिलं. १९१३ साली वुलिच सोडून ते नदी ओलांडून उत्तर लंडनमध्ये हायबरीला आले. जवळचं ट्यूब स्टेशन गिलेस्पी रोड. मॅनेजर हर्बर्ट चॅपमन मागे लागला आणि १९३२ साली स्टेशनचंच नाव आर्सेनल केलं. प्लॅटफॉर्मच्या भिंतीवर जुन्या टाइल्समध्ये गिलेस्पी रोड अजून वाचता येतं. म्हणजे दक्षिणेकडच्या तोफांच्या कारखान्याचं नाव उत्तरेकडच्या स्टेशनाला, आणि मूळ कारखान्याच्या जागेत आता फ्लॅट. २००६ ला क्लबने हायबरीही सोडलं, त्या स्टेडियमचेही फ्लॅट झाले. ठाणेकरांना हे जास्त समजावून सांगायला नको.

तशी मेट्रो ४ च्या यादीतही कॅडबरी जंक्शन असं स्टेशन आहे. शंभर वर्षांनी कोणी विचारेल, इथे कॅडबरी नावाचं गाव होतं का?

मिलवॉल तर आणखी गंमत. १८८५ ला टेम्सच्या उत्तर काठावर, मुरंब्या-लोणच्यांच्या कारखान्यातल्या कामगारांचा क्लब. १९१० ला नदीच्या दक्षिणेला गेले ते परत आलेच नाहीत. मिलवॉलमध्ये मिलवॉल नाही. एव्हर्टनही एव्हर्टनमध्ये नव्हतं. गुडिसन पार्क वॉल्टन भागात, आणि आता तर २०२५ पासून गोदीत नवीन स्टेडियम. पण एव्हर्टन गावातल्या टॉफीच्या दुकानांवरून त्यांना टॉफीज म्हणतात, आणि मॅचआधी एक मुलगी जुन्या पद्धतीचे कपडे घालून, हातात टोपली घेऊन मैदानाच्या कडेने फिरते नि प्रेक्षकांत पेपरमिंटच्या गोळ्या उधळते. लहान मुलं कुंपणाला चिकटून उभी असतात.

नेरूळ_पूर्व

मग मिल्टन कीन्सचं लिहायलाच हवं. आमच्या नवी मुंबईचं इंग्लंडमधलं जुळं भावंड. १९६७ ला कागदावर आखलेलं नवं शहर, लंडनची गर्दी बाहेर काढायला. सिडको १९७० ची, मुंबईची गर्दी बाहेर काढायला. त्यांनी शहराला नाव दिलं आधीपासून तिथे असलेल्या एका खेड्याचं. आपल्याकडेही नोडांची नावं जुन्याच गावांची : वाशी, तुर्भे, नेरूळ, घणसोली, ऐरोली. गावठाणं बिल्डिंगांच्या मधे अजून उभी आहेत. सीवूड्सच्या पाटीवर दारावे जोडलेलं आहे, तोंडात मात्र कोणी घेत नाही.

तर मिल्टन कीन्सला सगळं होतं, फुटबॉल क्लब नव्हता. मग २००३ ला लंडनचा विम्बल्डन क्लब उचलून तिथे नेला आणि पुढच्या वर्षी एमके डॉन्स नाव ठेवलं. डॉन्स हे विम्बल्डनमधल्या 'डन'चं. शहर नवं, क्लब दुसऱ्याचा, टोपणनावही दुसऱ्याचं. विम्बल्डनच्या लोकांनी २००२ सालीच, स्थलांतराला परवानगी मिळाल्याबरोबर, स्वतःचा वेगळा क्लब काढला होता, अगदी तळाच्या लीगपासून सुरू केला, आणि २०२० ला आपल्या जुन्या मैदानाच्या रस्त्यावर, प्लाव लेनवर, परत आले. तोवर जुन्या ट्रॉफ्याही मिल्टन कीन्सकडून परत मिळाल्या होत्या. 'डॉन्स' शब्द मात्र अजून तिकडेच अडकलाय.

म्हणून मला नवी मुंबईला बाहेरून आणलेला क्लब नको. उशीर झाला तरी चालेल.

शंकासूर

हे पटलं. भांडायला काही ठेवलं नाहीत.

घंटाळीकर, तुमच्या ग्रुपवर शेवटी काय ठरलं?

घंटाळीकर

मतदानात टायटन्स जिंकलं. जर्सीही छापायला गेल्या. पण कळव्याच्या पोरांशी मॅच झाली तेव्हा ते पूर्ण वेळ 'ए कॅडबरी' म्हणूनच हाका मारत होते, आमचे निम्मे त्या बाजूने येतात म्हणून. गोलकीपर लठ्ठ आहे, त्याला डेअरी मिल्क. ग्रुपवर सगळे भडकलेत. मी गप्प बसून मजा बघतोय.

रंकाळ्यावरनं_घणसोली

डेअरी मिल्कला माझा मानाचा मुजरा सांगा.

खारघरची_बोऊदी

धागा उशिरा वाचला. इतकं सगळं लिहिलंत आणि कोलकाता कोणालाच आठवलं नाही? मी मूळची डोंबिवलीची, सासर बंगाली, त्यामुळे हे कर्तव्य समजून लिहिते.

मोहन बागान हे एका व्हिलाचं नाव. उत्तर कोलकात्यात फडियापुकुरला मोहन बागान व्हिला होता, त्याच्या आवारात १८८९ साली क्लब सुरू झाला. व्हिला गेला, बाग गेली. १९११ ला अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली, त्यामुळे नाव राहिलं. बिल्ल्यावर शिडाची होडी, म्हणून मरिनर्स.

आणि ईस्ट बेंगॉल, १९२० चा. पूर्व बंगालमधून आलेल्यांचा क्लब. तुम्ही सगळे कारखाने बंद पडले नि नावं राहिली म्हणताय. इथे अख्खा प्रदेश नकाशावरून गेलाय. फाळणी झाली, १९५५ ला पूर्व बंगालचा पूर्व पाकिस्तान झाला, १९७१ ला बांगलादेश. पूर्व बंगाल हे नाव आता मोठ्या अक्षरांत दिसतं ते फक्त स्कोअरबोर्डवर. माझे सासरे तिकडचे. ते क्लबला कधी 'क्लब' म्हणत नाहीत, 'आमादेर' म्हणतात, आमचं.

टोपणनावांचं म्हणाल तर तिथे माणसांनाच आहेत. तिकडचे बांगाल, इकडचे घोटी. दोन्ही एकमेकांनी चिडवायला दिलेली, दोन्ही लग्नाच्या बोलणीत आधी विचारली जातात. ईस्ट बेंगॉल जिंकलं की जेवणात इलिश, म्हणजे हिलसा मासा, मोहन बागान जिंकलं की चिंगडी, म्हणजे कोळंबी. कोलकात्याच्या बाजारात डर्बीच्या, म्हणजे या दोघांच्या मॅचच्या, दुसऱ्या दिवशी भाव त्यावर हलतात. आमच्या घरी गंमत अशी की मला कोळंबीच आवडते. मागच्या डर्बीला मी कोळंबी आणून ठेवली होती, सासऱ्यांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि मॅच संपेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

सानपाडा_एक्सप्रेस

मॅच कोण जिंकलं ते सांगा आधी!

खारघरची_बोऊदी

बरोबरी. कोळंबी फ्रीजमध्येच राहिली, रात्री ऑम्लेट खाल्लं सगळ्यांनी.